उत्पलाचा बाऊ

रेणुका वही घेऊन पाळणाघरं बघत फिरायला लागली तेव्हा हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या निम्म्या पाळणाघरवाल्यांना वाटलं, ही बाई सरकारी तपासणीला आली आहे. त्यांची तरी काय चूक? नामपल्लीच्या विमा कचेरीत तेरा वर्षं लोकांचे दावे तपासण्यात गेली होती तिची. कोणी फॉर्मात आजार लपवलाय, कोणी वय चोरलंय, हे तिला कागद हातात घेतल्याबरोबर कळायचं. साहेबसुद्धा अडलं की फाइल तिच्याकडे सरकवायचे.

तर अशी ही बाई स्वतःच्या पोरीसाठी पाळणाघर शोधायला निघाली. एका ठिकाणी स्वयंपाकघर दाखवायला नको म्हणाले, फुली. एका ठिकाणी दहा लेकरांमागे एक आया, फुली. एका ठिकाणी फाटक थेट रहदारीवर उघडत होतं. एका ठिकाणी सगळी पोरं टीव्हीसमोर ओळीनं बसवलेली आणि आया फोनवर माहेरची भांडणं मिटवत होती, तिथून तर ती वही न उघडताच परत फिरली. सात ठिकाणं अशी गेली. आठवं मात्र मनासारखं निघालं. जुन्या बंगलीत होतं, मागे अंगण, चार लेकरांमागे एक आया, हात धुवायची बेसिनं पोरांच्या उंचीची, आणि आयांना नावानं हाक मारणारी मालकीणबाई. तिला सगळे नुसतं मॅडम म्हणत.

मॅडमनी चार पानांचा फॉर्म दिला आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवून सांगितलं की हे पान सगळ्यात महत्त्वाचं, आजवर मुलीला ज्यांनी सांभाळलं त्यांना विचारून भरा. त्या पानावर घरची भाषा विचारली होती. खाली पाच रकाने होते: पाणी, भूक, शू, झोप आणि दुखणं, यांना तुमचं मूल काय म्हणतं?

आता उत्पला काय म्हणत होती ते अख्ख्या घराला ठाऊक होतं. अडीच वर्षांची पोर. तिच्या आजीनं, म्हणजे रेणुकाच्या सासूनं, चतुराबाईंनी तिला जन्मापासून मांडीवर वाढवलेली. पाणी म्हणजे भू, जेवण म्हणजे मम, झोप म्हणजे गाई, शू म्हणजे शू. आणि कुठं लागलं, खुपलं, दुखलं की बाऊ. धाकट्या सुनेचं बाळंतपण निघालं म्हणून चतुराबाई नांदेडला निघाल्या, तेव्हा गौलीगुड्याच्या बसअड्ड्यावर बसच्या खिडकीतून त्यांनी हे सगळे शब्द मोठ्यांदा पाठ म्हणून दाखवले होते. "तिथल्या बायांला नीट सांग गं माय, लेकरू परक्यात चाललंय." आजूबाजूचे लोक बघत होते. रेणुका हो हो म्हणत होती आणि बस कधी एकदा सुटते याची वाट पाहत होती.

खरं सांगायचं तर, सासूबाई निघाल्या याचं तिला जरा बरंच वाटलं होतं. वाईट नव्हती हो रेणुका. सासूला ती कधी उलटून बोलली नाही, गुडघ्यांच्या गोळ्या कधी चुकू दिल्या नाहीत. पण चतुराबाईंचं ते "कामून" आणि "मह्या लेकराला", फोन उचलल्याबरोबर चाळीतल्या चार घरांना ऐकू जाईल असा त्यांचा "जयभीम", हे सगळं तिला बोचायचं. कचेरीत सासूचा फोन आला की ती आवाज कमी करून जिन्यात जायची. मराठी बोललं की लोक विचारतात, मराठी का तुम्ही, गाव कोणतं, आणि गावामागोमाग आडनाव. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक "अच्छा" येतो. तो "अच्छा" रेणुकानं लहानपणापासून फार वेळा पाहिला होता.

त्यातून तिची स्वतःची एक जुनी जखम होती. तिचे वडील नागोराव देगलूरकडून हैदराबादेत आले, रेल्वेत लागले आणि पोटाला चिमटा काढून पोरीला इंग्रजी शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात पोरीनं उभं राहून बाईंना सांगितलं, शू आली. बाई केरळच्या. त्यांनी खाली वाकून तिचा बूट पाहिला, नाडी पक्की बांधली आणि शाबासकी देऊन खाली बसवलं. पुढं काय झालं ते सांगायला नकोच. सगळा वर्ग बाकांवर चढून बघत होता. मराठी बोलल्यानं ही फजिती झाली, असा रेणुकानं तेव्हाच धडा घेतला, आणि आपल्या लेकीवर ही पाळी येऊ द्यायची नाही असं ठरवून टाकलं.

म्हणून जेवणाच्या सुट्टीत, कचेरीतल्या टेबलावर, तिनं तिसरं पान एकटीनंच भरलं. घरची भाषा: इंग्रजी, थोडी तेलुगू. पाणी: वॉटर. भूक: हंग्री. मग टॉयलेट, स्लीपी आणि शेवटी पेन. सुंदर, टपोऱ्या अक्षरात. यातला एकही शब्द उत्पलाच्या तोंडून कधी निघाला नव्हता. पण निघेल की, असं तिनं मनाशी म्हटलं. चार महिन्यांत सासूबाई यायच्या आत पोर फाडफाड बोलायला लागेल. मॅडमनी फॉर्म वाचून विचारलं, हे सगळं बोलते? रेणुका म्हणाली, हो तर. दुसऱ्या कोणाचा असा फॉर्म तिच्या टेबलावर आला असता, तर तिनं तो पहिल्या ओळीत पकडला असता.

उत्पलाला मंगायम्माच्या गटात घातलं. मंगायम्मा पन्नाशीची, आंध्रातल्या गोदावरी जिल्ह्याकडची. तेलुगूखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं, पण लेकरं तिच्या अंगावर लोळायची. रडकं पोरही तिच्या कडेवर गेलं की दोन मिनिटांत गप्प व्हायचं. रेणुकानं वहीत तिच्या नावापुढं दोनदा बरोबरची खूण केली होती.

जानेवारी महिना होता. रविवारी नवरा-बायको पोरीला घेऊन नामपल्लीच्या नुमाइशीत, त्या मोठ्या प्रदर्शनात गेले, धूळ आणि गर्दी खाऊन आले, आणि सोमवारी उत्पलाचं नाक वाहायला लागलं. चतुराबाईंनी फोनवर शिंक ऐकली आणि दोन दिवस घरी ठेव म्हणाल्या. रेणुका म्हणाली, "आत्याबाई, सर्दीचा एवढा बाऊ कशाला करायचा?" आणि पोरीला सोडून ती कचेरीत गेली.

मंगळवारच्या डायरीत पाळणाघराच्या टीचरनं लिहून पाठवलं होतं की उत्पलाला गाणी फार आवडतात. गाण्याच्या तासाला ती सारखी "बावु" म्हणते.

आता तेलंगणातली बाई छान वाटलं तर "मंचिगुंदी" म्हणते. गोदावरीकडची "बावुंदी" म्हणते. मंगायम्मा तेलंगणातली असती तर कदाचित हे सगळं घडलंच नसतं. पण ती पडली गोदावरीची. तिच्या कानाला "बाऊ" म्हणजे बावुंदी, दुसरं काय असणार? पोरीला छान म्हणायचंय, पुरतं येत नाही बिचारीला. टीचरनंही तिनं सांगितलं तसंच लिहून टाकलं.

डायरी वाचून रेणुका हरखून गेली. आठवड्याभरात पोर तेलुगू बोलायला लागली! शेजारच्या टेबलावरच्या माधवीला तिनं डायरीचा फोटो दाखवला. घरी येऊन फोनवर इंग्रजी गाणी लावली, तर उत्पला खरंच "बाऊ, बाऊ" म्हणायला लागली. रेणुकानं टाळ्या वाजवल्या. "बावुंदी! यस, बावुंदी!" असं म्हणत तिनं पोरीचे दोन्ही हात धरून नाचवले. पोर थोडी नाचली, मग रडायला लागली. दमली असेल, असं म्हणून रेणुकानं तिला झोपवलं.

बुधवारी संध्याकाळी फाटकाशी मंगायम्मानं तिला थांबवलं. डायरी टीचर लिहायची, पण लेकरू दिवसभर मंगायम्माच्या अंगावर असायचं, आणि तिला काहीतरी खटकत होतं. ती म्हणाली, "अम्मा, ही छान म्हणते, पण तोंड हसरं नसतं. तुमच्या घरी या शब्दाचा दुसरा काही अर्थ आहे का?"

आपापल्या पोरांना न्यायला आलेल्या दोन बायका गाडीची वाट बघत शेजारीच उभ्या होत्या. एकमेकींशी इंग्रजीत बोलत होत्या. रेणुकाला फक्त "तुमच्या घरी" एवढंच बोचलं. आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, चतुराबाईंचा आवाजही तिच्या मनात आला: बाऊ झाला का गं मह्या बाईला? तो आला आणि तिनं तो मागं ढकलला. हसून, त्या दोघींना ऐकू जाईल असं तेलुगूत म्हणाली, "आमच्या घरी कसला अर्थ? तुमचंच तेलुगू शिकतेय ती."

घरी आल्यावर मात्र तिला राहवलं नाही. तिनं पोरीचे कपडे काढून गुडघे पाहिले, कोपरं पाहिली, तळपाय पाहिले. कुठं ओरखडाही नव्हता. तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि कपडे चढवले. कानात डोकावून बघायचं तिला सुचलं नाही.

शनिवारी सकाळी वेणी घालायला बसवलं तर उत्पलाच्या डाव्या कानातून पिवळं पाणी गळ्यापर्यंत ओघळलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी कानात बत्ती घालून पाहिलं. मग म्हणाले, पडदा फुटलाय. आतला पू साचून साचून फुटला. चार-पाच दिवस भयंकर ठणकत असणार. पडदा बहुतेक भरून येईल, सहा आठवड्यांनी ऐकू किती येतं ते तपासू. आणि मग साहजिकच विचारलं, इतकं दुखत होतं तर मुलगी काही म्हणाली नाही?

रेणुका म्हणाली, "नाही."

तिचा नवरा प्रबुद्ध, एका औषध कंपनीत हिशेबनीस, भला माणूस, पण घाबरला की आईला फोन लावायचा. त्यानं तिथंच नांदेडला फोन लावला आणि स्पीकर पोरीपुढं धरला. चतुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि नातीला एवढंच विचारलं, "बाऊ झाला का मह्या माईला? कुठं झाला बाऊ?"

उत्पलानं हात उचलून कानावर ठेवला. "बाऊ," ती म्हणाली. "बाऊ, बाऊ, बाऊ." आणि अशी हमसून हमसून रडायला लागली की डॉक्टरसुद्धा मान फिरवून कागद चाळायला लागले. पाच दिवस ती सांगत होती आणि आत्ता कुठं कोणी ऐकलं होतं. रेणुकाला मंगळवारच्या टाळ्या आठवल्या, आणि पोरीचे हात धरून आपण कसं नाचवलं ते आठवलं. जमिनीनं पोटात घेतलं तर बरं, असं तिला वाटलं.

प्रबुद्धलाही उलगडा झाला, पण त्याचा राग भलतीकडं गेला. इतके दिवस पोर बाऊ बाऊ म्हणतेय आणि ती आया डायरीत काय लिहायला लावते! त्या बाईला कामावरून काढायला लावल्याशिवाय मी राहणार नाही, असं तो शनिवारी म्हणाला आणि रविवारीही म्हणाला. रेणुका औषधाचे थेंब मोजत राहिली. दोन दिवस तिच्या जिभेवर सत्य होतं आणि दोन दिवस ती ते गिळत राहिली. दावे तपासताना अशा गप्प बसणाऱ्यांना ती काय काय म्हणायची, तेही तिला आठवत होतं.

सोमवारी दोघं मॅडमसमोर बसले. प्रबुद्धनं आवाज चढवून सगळं सांगितलं. मॅडमनी मंगायम्माला बोलावलं आणि बाऊ म्हणजे काय ते तिला तेलुगूत समजावलं. मंगायम्मानं एकदा विचारून खात्री करून घेतली. मग ती भिंतीला धरून खालीच बसली. "मी आवाज वाढवला," ती म्हणाली. "पोरीला आवडतंय म्हणून रोज तिला गाण्याच्या डब्याजवळ बसवलं आणि आवाज वाढवला."

मग मॅडमनी फाइल काढली. त्या म्हणाल्या, चूक आमची आहे, मी ती नाकारत नाही. मुलीची भाषा इंग्रजी आहे असं तुम्ही स्पष्ट लिहिलं होतं, तरी मी तिला इंग्रजी न येणाऱ्या आयाकडे दिलं. तिसरं पान त्यांनी प्रबुद्धपुढं सरकवलं. त्यानं बायकोचं टपोरं अक्षर पाहिलं. वॉटर. हंग्री. पेन. तो वाचत राहिला आणि त्याचा आवाज कुठल्या कुठं गेला. पण बायकोची लाज चारचौघांत काढणारा तो नव्हता. मान वर न करता पुटपुटला, "तरी पण... आयानं एकदा तरी विचारायला नको होतं का?"

"विचारलं होतं," मंगायम्मा म्हणाली.

मॅडमनी विचारलं, कोणाला? मंगायम्मानं रेणुकाकडे पाहिलं आणि ती गप्प झाली. तिला भीती वाटली, की दया आली, की आपलं कोण खरं मानणार असं वाटलं, देव जाणे. ती पदराशी चाळा करत बसून राहिली. मॅडम तिला म्हणत होत्या, असं असेल तर नाव सांग मंगायम्मा, नाहीतर मला तुला ठेवता येणार नाही. आणि मंगायम्मा बोलत नव्हती.

रेणुकाला फक्त बसून राहायचं होतं. आणखी दोन मिनिटं गप्प राहिली असती तर सगळं तिच्या मनासारखं मिटलं असतं. बाई घरी गेली असती, फॉर्म फाइलीत गेला असता, नवऱ्यानं विषय काढला नसता. आणि ती बसून राहिलीसुद्धा. किती वेळ ते तिला सांगता आलं नसतं, पण मॅडमनी पेन उचलून कागदावर मंगायम्माचं नाव लिहीपर्यंत ती बसून होती. या एवढ्या वेळाची लाज तिला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटते, आजही.

"मला विचारलं होतं," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. पोर इंग्रजी बोलत नाही, आमच्या घरी मराठी बोलतात, फॉर्म मी खोटा भरला. बुधवारी हिनं मला फाटकाशी विचारलं, मला शंकाही आली, आणि मी हसून उडवून लावलं. हे तिनं मराठीत सांगितलं, की हिंदीत, की तेलुगूत, तिचं तिला कळलं नाही. बहुतेक सगळं मिसळूनच. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

मंगायम्मा उठली नाही, रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, तुमच्यात पाण्याला काय म्हणतं लेकरू? रेणुका म्हणाली, भू. भुकेला? मम. एकेक करत पाचही शब्द तिनं रेणुकाकडून वदवून घेतले, स्वतः म्हणून पाहिले, आणि बाऊ हा शब्द दोनदा म्हणाली. मग डोळे पुसत म्हणाली, "पाचच तर होते अम्मा. मी शिकले असते."

प्रबुद्धनं स्कूटर घरापुढं लावली. खाली शेजाऱ्यांकडं ठेवलेल्या उत्पलाला त्यानं कडेवर घेतलं आणि वर आला. तेवढ्यात नांदेडचा फोन आला. त्यानं तो न उचलताच रेणुकापुढं धरला. चतुराबाईंचा "जयभीम" खणखणीत आला. रेणुकानं आवाज कमी केला नाही.

चतुराबाईंनी आधी नातीचं विचारलं, ठणका थांबला का, थेंब घालू देते का. मग त्यांच्या मनात तीन दिवस घोळत असलेलं त्यांनी विचारलं. "तिथल्या बायांनी तुला शब्द इचारले नव्हते का गं?"

"विचारले होते, आत्याबाई. लिहून मागितले होते. मी दिले नाहीत."

"कामून?"

रेणुकाला कारणं शोधायची सवय होती. वेळ नव्हता, विसरले, वाटलं नाही एवढं लागेल. ती एकेक चाचपत होती, तोवर तिकडून चतुराबाईंनीच हळू आवाजात विचारलं. इतक्या हळू बोलताना रेणुकानं त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मह्या बोलन्याची लाज वाटली व्हय तुला?"

प्रबुद्ध दारात पोरीला घेऊन उभा होता. तो ऐकत होता.

"वाटली, आत्याबाई," रेणुका म्हणाली. "फार वाटली."

चतुराबाईंनी फोन ठेवला की काय म्हणून रेणुकानं दोनदा स्क्रीनकडं पाहिलं. ठेवला नव्हता. तिकडं कुठंतरी धाकटीचं तान्हं रडत होतं, भांडं वाजत होतं. मग चतुराबाई खाकरल्या.

"लेकराच्या बऱ्या कानाला फोन लाव," त्या म्हणाल्या.